हुशार पोराला जास्तीची गणितं देऊ नका

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत शिक्षकांपैकी कुणी ना कुणी हमखास विचारतं, "वर्गात एक पोरगं आहे, सगळं आधीच संपवतं आणि मग दंगा करतं. काय करू?" अर्ध्या हॉलमधून उत्तर येतं, "जास्तीची गणितं द्या." ऐकून डोकं उठतं.

ओळखीच्या एका शाळेत पाचवीतल्या पोराचं हेच झालं. भागाकाराची दहा उदाहरणं झटक्यात संपवली की बाई आणखी वीस द्यायच्या. दिवाळीनंतर तो बाकीच्यांबरोबरच वही मिटायला लागला. बाई खूश, "आता स्थिरावला." मी त्याची वही चाळली. पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात दहाही उत्तरं आधीच लिहिलेली आणि खाली वर्गाच्या चालीने एकेक पायरी. विचारलं तर म्हणाला, "सर, लवकर झालं की अजून मिळतात."

म्हणजे आपण त्याला रेंगाळायला शिकवलं.

माझी सवय अशी: उदाहरणं वाढवायची नाहीत, त्याच उदाहरणात खाली उतरायचं. नऊने भाग जातो का हे बघायची कसोटी सगळ्यांना पाठ असते, अंकांची बेरीज करा म्हणून. ती का चालते ते विचारा. 10 म्हणजे 9 अधिक 1, 100 म्हणजे 99 अधिक 1. तेव्हा 472 मधून प्रत्येक शतकातले 99 आणि प्रत्येक दशकातले 9 काढून टाकले की हातात 4, 7 आणि 2 एवढंच उरतं. हे उमगलं की पुढचा प्रश्न: माणसाला आठच बोटं असती आणि आपण आठ-आठचे गठ्ठे करून मोजत असतो, तर ही कसोटी कुठल्या संख्येला चालली असती? सातला. पण सांगू नका. त्या पोराला हा प्रश्न आठवडाभर पुरला, आणि काड्यांचे गठ्ठे बांधून त्यानेच बाईंना पटवून दिलं.

दुसरी चूक: त्याला वह्या तपासायला बसवणं. कधीतरी मित्राला समजावून सांगणं चांगलंच, पण रोजचा बिनपगारी मदतनीस करू नका.

आता शिष्यवृत्ती परीक्षा. मीही मुलं बसवतो, परीक्षेशी माझं भांडण नाही. पण एकेका पेपरात 90 मिनिटांत 75 प्रश्न, तेही पर्यायांचे. तिथे आधी हात चालतो, मग डोकं. एकाच प्रश्नावर अडून बसणारं पोर तिथे मागे पडतं, म्हणून ते हुशार नाही असं कुणी ठरवलं? काही पालक तर जूनमध्येच 'ट्रिक' मागायला येतात. ट्रिक शेवटच्या महिन्यात देतो, तीही का चालते हे सांगता आलं तरच. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि कृती संशोधन प्रकल्प असतो, ते मला आवडतं. पण प्रकल्पही घरच्या मोठ्यांनीच करायचा असेल तर पोराने काय फक्त फोटोला उभं राहायचं?

बाकीच्या चुका थोडक्यात.

अक्षर गचाळ म्हणून पोराला 'ढ' ठरवू नका. तल्लख बुद्धी आणि वाचन-लेखनाची अडचण एकाच मुलात असू शकते. तोंडी विचारून बघा.

घरी पावरी किंवा वारली अशी आदिवासी बोली बोलणारं पोर गप्प असतं, तेव्हा त्याला कळत नाही असं धरून चालू नका. शाब्दिक उदाहरणाऐवजी चिंचोके हातात द्या.

"तू हुशार ना, मग चुकलं कसं?" हे वाक्य वर्गात बंद. याने पोरं अवघड प्रश्नाला हात लावायचं सोडतात.

आणि थेट वरच्या वर्गात ढकलायची घाई नको. गणिताच्या तासाला खुशाल सातवीत बसू द्या. खेळाला आणि जेवायला मात्र पाचवीतच.