दुसरा क्लाउड घेण्याआधी

एका कंपनीचा क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे सर्व्हर, वापरत असताना दुसऱ्या कंपनीचाही घ्यावा का, असं विचारणाऱ्यांना ‘दुसरा क्लाउड नक्की कशासाठी हवा, ते एका वाक्यात लिहून आणा’ असं मी आधी सांगतो. ‘एकाच कंपनीवर विसंबायला नको’ हे वाक्य मी परत पाठवतो. ‘विक्रीचं विश्लेषण बिगक्वेरीवर (गूगल क्लाउडची डेटा-विश्लेषण सेवा), बाकी सगळं ॲमेझॉनवर आहे तसंच’ असं काही असेल तर पुढचं बोलू.

वेगवेगळी कामं वेगवेगळ्या क्लाउडवर जाऊ द्या, पण एकच काम दोघांत फाडू नका. ॲप इकडे आणि त्याचा डेटाबेस तिकडे ठेवलात, तर एका पानासाठी शंभर क्वेरी (डेटाबेसला केलेल्या विचारणा) लागत असल्या की शंभर हेलपाटे. वर भाडं वेगळं: डेटा आत न्यायला सहसा फुकट, बाहेर काढायला जीबीमागे पैसे. २०२४ मध्ये गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी हे पैसे माफ केले खरे, पण कायमचं सोडून जाणाऱ्या ग्राहकांना. रोजची ये-जा त्या माफीत बसत नाही. म्हणून महिन्याला किती जीबी इकडून तिकडे जाणार, ते मोजून दरपत्रकाशी ताडून पाहा.

मग आयपी पत्त्यांचा, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक सर्व्हरला मिळणाऱ्या क्रमांकांचा, तक्ता करा. हे काम कंटाळवाणं, म्हणून सगळे टाळतात. १०.०.०.०/१६ ही रेंज (पत्त्यांचा पट्टा) सगळ्यांच्याच आवडीची. दोन्ही क्लाउडवर तीच दिलीत, तर दोन्ही नेटवर्क व्हीपीएनने (खाजगी जोडणीने) जोडायच्या दिवशी डेटाचं कुठलं पॅकेट कुठे पाठवायचं हेच राउटरला कळणार नाही. चालू सर्व्हरचे पत्ते बदलणं म्हणजे रात्रीची जागरणं. गूगलचं ऑटो मोड नेटवर्क आपणहून १०.१२८.०.०/९ मधूनच पत्ते उचलतं, तेव्हा ते वापरूच नका; रेंज तुम्हालाच निवडू देणारा कस्टम मोड घ्या. ऑफिसचं नेटवर्कही त्याच तक्त्यात मांडा.

लॉगिन एकाच ठिकाणाहून. माणूस नोकरी सोडून गेला की एक खातं बंद करायचं आणि सगळीकडचे दरवाजे लागले पाहिजेत. दोन क्लाउडमधल्या प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलायचं असेल, तर पासवर्डसारख्या कायमच्या गुप्त किल्ल्या फाइलमध्ये ठेवू नका. ओआयडीसी फेडरेशनने, म्हणजे एका क्लाउडने पटवलेली ओळख दुसऱ्याने मानायच्या पद्धतीने, थोड्या वेळापुरतं टोकन (प्रवेशाचा परवाना) मिळतं. मात्र लॉगिन सेवाच बंद पडली तर? त्यासाठी प्रत्येक क्लाउडवर एक आणीबाणीचं खातं ठेवा, आणि ते कुणी वापरलं की अलर्ट गेला पाहिजे.

कुठला खर्च कुणाचा हे कळावं म्हणून सर्व्हर वगैरेंना लावायचे टॅग सगळीकडे इंग्रजी लहान अक्षरांतच. गूगलच्या लेबलला (तिथे टॅगसारखं हेच वापरतात) मोठी अक्षरं चालत नाहीत, ॲमेझॉन मोठं-लहान वेगळं मोजतं. मिश्रण केलंत की बिलाचा हिशेब जुळत नाही.

सर्व्हर, नेटवर्क वगैरे कोड लिहून उभं करायचं साधन म्हणून टेराफॉर्म जरूर वापरा, पण एका क्लाउडसाठी लिहिलेला कोड दुसऱ्यावर चालेल ही आशा सोडा. साधन तेच, पण रिसोर्स (सर्व्हर, डेटाबेस अशा गोष्टी) प्रत्येक क्लाउडचे वेगळे.

दुसऱ्या क्लाउडचा मला सर्वांत पटणारा उपयोग बॅकअपचा. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगलवरचं प्रायव्हेट क्लाउड चुकीच्या सेटिंगमुळे पुसलं गेलं. सेवा पूर्ववत करायला दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेले बॅकअपही कामी आले. तुमची प्रत वेगळ्या खात्यात, वेगळ्या ॲडमिनच्या हाती आणि ठरावीक मुदतीपर्यंत पुसता न येणारी असू द्या. दर तिमाहीला ती रिकाम्या खात्यात रिस्टोअर करून घड्याळ लावा: ॲप उघडायला किती तास लागले, तो आकडा मालकांना लेखी कळवा.