शेजारच्या मांजरांचा त्रास होतोय? आधी हे करून बघा

आमचं घर रत्नागिरीपासून जरा आतल्या बाजूला आहे, कौलारू, पुढे अंगण, मागे थोडी बाग, आणि कुंपणाला लागून शेजारच्या काकूंचं घर. काकूंकडे आधी दोन मांजरं होती मग पाच झाली आणि एका पावसाळ्यात आठ. मेथी पेरली की दुसऱ्या दिवशी वाफा उकरलेला, स्कूटरच्या सीटवर नखांचे ओरखडे, रात्री दोन वाजता बोक्यांची भांडणं, आणि पाऊस सुरू झाला की कौलं सरकलेली म्हणून पडवीत बादल्या मांडायच्या. मांजरांचा मला राग नाही पण आपलं घर स्वच्छ आणि कोरडं राहावं असं वाटण्यात काही चूक पण नाही ना. तीन वर्षं हे सगळं करून झाल्यावर जे खरंच लागू पडलं तेवढंच इथे लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे लगेच काही उपाय करायला जाऊ नका, आठवडाभर फक्त बघा. कुठलं मांजर येतं, किती वाजता येतं, कुठून उडी मारतं आणि येऊन करतं काय. मांजर खायला येतं, नाहीतर हगायला येतं, नाहीतर झोपायला किंवा व्यायला जागा शोधत येतं, नाहीतर बोका असेल तर आपला इलाका सांगायला येतो, आणि ह्या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. आपण सगळ्यांना एकच काठी आपटतो म्हणून काही फरक पडत नाही. मांजर पाळलेलं आहे का भटकं हे कळत नसेल तर गळ्यात कागदाची सैल पट्टी गुंडाळा, चिकटपट्टीने नुसती टोकं जोडा, त्यावर लिहा "हे मांजर तुमचं असेल तर फोन करा" आणि नंबर. कागद असल्याने कुठे अडकली तर फाटून जाते, गळफास लागत नाही. अर्थात हे जवळ येणाऱ्या मांजरालाच जमेल, फिस्कारणाऱ्याला पकडायला जाऊ नका. आणि डाव्या कानाचं टोक सरळ कापल्यासारखं दिसलं तर समजा की ते भटकं मांजर आहे आणि त्याचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे, ही त्याची खूण असते.

आता खाण्याचं. आमच्याकडे मासे साफ केलेलं पाणी माडाच्या मुळात ओतायची जुनी सवय, खवली आणि डोकी पण तिथेच. मग मांजर येणार नाही तर काय होईल. पाणी ओता पण वर दोन फावडी माती टाका, आणि खवली डोकी झाकणाच्या डब्यात, झाकणावर दगड. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी बसवली त्याचा जितका उपयोग झाला तितका दुसऱ्या कशाचाच नाही. आपल्या आज्यांनी शिंकं काही उगाच टांगलं नव्हतं, आणि शिंक्याचं तुटलं नि बोक्याचं साधलं हे पण खरंच आहे, एक दिवस दुधाचं पातेलं ओट्यावर उघडं राहिलं की ते मांजर पुढचे पंधरा दिवस रोज त्याच वेळेला हजर. दया येऊन वाटीभर दूध पण ठेवू नका. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडतं, आणि मग ती घाण तुमच्याच वाफ्यात.

बागेसाठी मांजराच्या बाजूने विचार करा. त्याला काय हवं, तर मोकळी, कोरडी, भुसभुशीत माती, की चार वेळा पंजा मारला की खड्डा झाला पाहिजे. आपण पेरणीसाठी वाफा तयार करतो तो नेमका असाच असतो. म्हणजे माती उघडी ठेवायचीच नाही. मी पेरून झालं की वाफ्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आडवी अंथरते आणि चार कोपऱ्यांत वाकवलेल्या तारेने मातीत दाबून टाकते, मेथी कोथिंबीर त्या भोकांतून आरामात वर येते, चार बोटं उंच झाली की जाळी काढून घ्यायची कारण तोपर्यंत माती झाकली जाते. जाळी नसेल तर बोगनवेलीच्या छाटलेल्या फांद्या काट्यांसकट पसरा. कुंड्यांसाठी नारळाच्या करवंट्या उपड्या घालून रोपाच्या भोवती एकाला एक लावून ठेवते, माती दिसतच नाही आणि उन्हाळ्यात ओलावा पण टिकतो. संध्याकाळी पाणी द्या, ओल्या चिखलात पाय घालायला मांजराला आवडत नाही. संत्र्याच्या साली, कॉफीचा चोथा हे सगळं मी करून बघितलं, दोन दिवस वास राहतो मग काही नाही.

ह्याच्यासोबत एक काम करा नाहीतर वरचं सगळं अर्धवट राहील. त्याला दुसरी जागा द्या. तुम्ही कधी घर बांधलं असेल तर माहितीच असेल की वाळूचा ढीग पडला की गल्लीतली सगळी मांजरं तिथेच जातात (तेव्हा बांधकाम चालू असेल तर ढिगावर ताडपत्री हवीच). तेच आपल्या फायद्याचं करून घ्यायचं. कुंपणाच्या आडबाजूला, पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी दीड दोन हात चौकोनात वाळू टाका, शक्य असेल तर शेजाऱ्यांच्याच बाजूला. आम्ही काकूंच्या विहिरीमागे पत्र्याखाली टाकली, सुरुवातीला माझ्या वाफ्यातली थोडी घाण उचलून त्या वाळूत पुरली म्हणजे वास ओळखीचा झाला, आणि आठ दहा दिवसांत तीन मांजरं तिकडे वळली. घाण उचलताना हातमोजे घाला आणि भाजीच्या खतात ती टाकू नका. घरात कोणी गरोदर असेल तर तिने हे काम करूच नये, मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू येऊ शकतो आणि तो पोटातल्या बाळाला धोकादायक असतो. त्या वाफ्यातली पालेभाजी नीट धुवून मगच.

आता जे करू नका ते सांगते, आणि हे कळकळीने सांगतेय. दारासमोर निळ्या नाहीतर लाल पाण्याच्या बाटल्या टांगायची पद्धत सगळीकडे आहे, त्याने मांजरही हलत नाही आणि कुत्राही हलत नाही, पण निदान त्याने कोणाचं वाईट होत नाही. फिनाईल आणि डांबर गोळ्यांचं तसं नाही. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं जे फिनाईल असतं त्यातली द्रव्यं मांजराच्या लिव्हरला पचवता येत नाहीत, आणि मांजर काय करतं तर पाय चाटून स्वच्छ करतं, म्हणजे फरशीवरचं सगळं पोटात. डांबर गोळ्या पण विषारीच, आणि लहान मुलं खेळतात तिथे तर नकोतच. तिखट टाकू नका, डोळ्यात जातं. विष घालायचा तर विचारही नको. आमच्या आळीत एकाने माशात उंदराचं औषध घालून ठेवलं होतं, काकूंचं एक पांढरं पिल्लू गेलं, आणि एका घरचा कुत्रा मरता मरता वाचला. हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे जनावराला मारलं, विष घातलं किंवा जायबंदी केलं तर ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा आहेच. पोत्यात घालून लांब सोडून येणं पण तसंच, दुसऱ्याचं पाळलेलं जनावर आपण उचलून कसं नेणार. आणि मांजर जागा धरून असतं, बऱ्याचदा परत येतं, नाही आलं तर तिकडे उपाशी मरतं आणि इकडे मोकळ्या जागेवर दुसरा बोका येतो.

हुसकवायचंच असेल तर साध्या पाण्याने. इस्त्रीसाठी वापरतो तो फवारा दाराशी ठेवा, वाफ्यात दिसलं की अंगावर, तोंडावर नाही. पण ते तिथे असताना केलं तरच कळतं, नंतर ओरडून काही उपयोग नाही. आणि कोपऱ्यात कोंडू नका, घाबरलेलं मांजर चावतं. चावलं किंवा बोचकारलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धुवा, हळद चुना काही लावू नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस चालू करा. मांजरापासून पण रेबीज होतो, हे खूप जणांना माहीत नसतं.

बोक्याचा त्रास हा सगळ्यात मोठा आणि तो वरच्या कशानेही जात नाही. तो बसून मुतत नाही, उभ्याने शेपूट वर करून थरथरवतो आणि मागे भिंतीवर, दारावर, स्कूटरच्या चाकावर पिचकारी मारतो, आमच्या तुळशीवृंदावनाला पण सोडलं नव्हतं. तो वास म्हणजे त्याची सही आहे. तुम्ही अमोनियावाल्या लिक्विडने पुसलं तर वास तसलाच येतो आणि तो परत येऊन सही करतो. आधी भरपूर पाण्याने धुवा, मग व्हिनेगर आणि पाणी अर्धं अर्धं, वाळलं की बेकिंग सोडा टाकून ब्रशने घासा. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते त्याहून चांगलं. पण हे सगळं पुसणंच झालं. पिचकारी, रात्रीची भांडणं, माजावर आलेल्या मांजरीचं रडणं आणि आठाची सोळा होणं, ह्या सगळ्याचं मूळ एकच, नसबंदी केलेली नाही. मांजरी चार पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते, दोन महिन्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच परत गाभण राहू शकते.

म्हणून शेजाऱ्यांशी बोलावं लागतंच आणि इथेच आपण चुकतो. मी पहिल्यांदा गेले ती उकरलेल्या वाफ्याचा फोटो घेऊन, तावातावाने. काकू म्हणाल्या "मांजराला काय मी बांधून ठेवू?" आणि दोन महिने बोलणं बंद. दुसऱ्या वेळेला आंब्याची साटं घेऊन गेले, पायरीवर बसले. काकूंच्या मांडीवर ती करड्या रंगाची मांजरी होती, पोट लोंबलेलं, पाठीचा मणका हाताला लागत होता. मी वाफ्याचं नावच नाही काढलं. म्हटलं "काकू, हिची ह्या वर्षातली कितवी वेळ?" त्या म्हणाल्या "तिसरी गो. चार झाली, एक उरलं." आणि पुढे आपणहूनच म्हणाल्या की ऑपरेशन करायचं आहे पण नेणार कोण, पैसे किती लागतात, आणि म्हातारपणी मला हे कुठे झेपतंय. म्हणजे त्यांना माझी तक्रार नको होती, गाडी हवी होती. गाडी माझी, खर्च अर्धा अर्धा, असं ठरलं. तुमच्याकडे पण असंच काहीतरी अडलेलं असतं, ते आधी काढून घ्या. आणि सगळं एकदम मागू नका, एका वेळेला एक गोष्ट. सोसायटीत राहत असाल तर नोटीस लावायला लावून काही साधत नाही, मांजर पाळायला बंदी सोसायटीला घालता येत नाही, वर्गणी काढून ऑपरेशन करून घेणं जास्त सोपं पडतं.

ऑपरेशन कुठे होतं हे आधी फोन करून विचारा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सगळीकडे मांजराचं करतातच असं नाही, खाजगी डॉक्टर करतात, शहरात प्राण्यांच्या संस्था कमी पैशात करतात, मुंबईकरांनी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलमध्ये चौकशी करावी. न्यायला पिंजरा नसेल तर भाजीचे दोन प्लास्टिक क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीने चारी बाजूंनी बांधा, आत जुनी साडी, वरून चादर, अंधार असला की मांजर शांत बसतं. किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांना विचारून तेवढंच. बोका दोन दिवसांत हिंडायला लागतो, मांजरीला आठ दहा दिवस घरात कोंडून, पोटावरचा टाका चाटू न देता सांभाळावं लागतं, ते काकूंनी केलं. पैसे कमी असतील तर आधी मांजरींचं करा, पिल्लं तिथेच थांबतात. आणि बोक्याचं केलं की दुसऱ्या दिवशी पिचकारी बंद होईल असं समजू नका, अंगातलं हार्मोन उतरायला काही आठवडे जातात. आमच्याकडे महिनाभराने रात्री झोप लागायला लागली.

स्कूटरचं थोडक्यात सांगते. सीटवर जाड कव्हर घाला, आणि पोफळीच्या हातभर ओंडक्याला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळून तो जिथे मांजर येऊन आळस देतं तिथे रोवा, नखं तिकडे जातात. चारचाकी असेल तर सकाळी चालू करायच्या आधी बॉनेटवर थाप मारा, ऊब म्हणून इंजिनात बसलेली असतात.

राहिली कौलं. माळ्यावर मांजरी व्यायली असेल तर भोकं लगेच बुजवू नका, आई बाहेर आणि पिल्लं आत राहिली तर चार दिवसांनी वासाने घरात बसवणार नाही, आणि ते पाप वेगळंच. पिल्लांचे डोळे उघडायलाच आठवडा दीड आठवडा जातो. तोवर थांबा, मग माळ्यावर रात्रंदिवस दिवा चालू ठेवा आणि शेजारी रेडिओ लावा, मांजरीला अंधार आणि शांतता हवी असते, ती एकेक पिल्लू मानेला धरून दुसरीकडे नेते. सगळी गेली ना हे बॅटरी घेऊन स्वतः चढून बघा, मगच वाशांच्या मधल्या फटींना जाळी ठोका. छपरावर झेपावायला जी फांदी वापरतात ती छाटा, आमच्याकडे पेरूची होती. मे महिन्यात कौलं परतून घेताना त्याच बाजूची आधी बघायला सांगा, आणि फुटकी कौलं बदलायला आठ दहा जास्तीची आणून पडवीत ठेवा, भर पावसात ती कुठे मिळत नाहीत.