दोउरूची लाल वाइन: बाटली निवडण्यापासून ग्लासपर्यंत

पोर्तुगीज वाइन म्हटलं की आपल्याला गोव्याहून येताना पिशवीत टाकलेली गोड ‘पोर्ट’च आठवते. दोउरू नदीच्या खोऱ्यातली खरी पोर्ट करताना आंबत्या रसात द्राक्षांचा मद्यार्क ओततात. त्याने आंबणं थांबतं, साखर तशीच उरते. त्याच डोंगरउतारांवरच्या द्राक्षांची कोरडी, म्हणजे गोड नसलेली लाल वाइनही निघते, आणि हा लेख तिच्याबद्दल आहे. तिला पोर्ट समजून जेवणानंतर छोट्या पेल्यात दिलीत, तर पाहुणे तोंड वाकडं करतील.

१. लेबल वाचा. ‘तिंतु’ म्हणजे लाल. ‘किंता’ म्हणजे मळा; बहुतेक वेळा एखाद्या कुटुंबाचा. ‘वीन्याश व्हेल्याश’ म्हणजे जुन्या वेली. अशा जुन्या बागांत अनेक जाती मिसळून लावलेल्या असतात. नव्या बागांत तुरिगा नासिओनाल, तुरिगा फ्रांका, तिंता रोरिझ या जाती वेगवेगळ्या लावतात.

उदाहरण म्हणून ‘किंता दू वाल मेआंव’ घ्या. (उच्चार मांजराच्या जवळ जातो, त्याला इलाज नाही.) ही जमीन दोना आंतोनिया फेरैरा या बाईंनी 1877 मध्ये घेतली. 1861 साली दोउरूत त्यांची नाव उलटली होती. सोबतचे पोर्ट-व्यापारी बॅरन फॉरेस्टर बुडाले, बाई वाचल्या. घेरदार झग्याने त्यांना तरंगतं ठेवलं, असं लोक सांगतात. या मळ्याची द्राक्षं पुढे अनेक वर्षं ‘बार्का व्हेल्या’ या नावाजलेल्या वाइनला जात. 1999 च्या हंगामापासून बाईंचे वंशज ओलाझाबाल कुटुंब मळ्याच्या नावाने स्वतःची वाइन काढतं. पहिल्यांदा घेत असाल तर त्यांचीच धाकटी, स्वस्त ‘मेआंद्रू’ घ्या. नदी तिथे वळण घेते, त्यावरून हे नाव. थोरली बाटली लगेच उघडणं म्हणजे हिरवी कैरी खाणं.

२. थंड करा. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला थंड दगडी घरांचा आहे. मे महिन्यातल्या मुंबई-पुण्यात तो पाळलात तर नाकात नुसता मद्यार्क जातो. तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा. १६ ते १८ अंश पुरेत. जुनी बाटली असेल तर आदल्या दिवसापासून उभी ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसतो.

३. बूच काढा. पेच मधोमध, सरळ फिरवा आणि झटका न देता ओढा. हे बूच बहुधा पोर्तुगालच्याच बूच-ओकच्या सालीचं असतं. ती साल नऊ वर्षांनी एकदा सोलतात. बूच मोडलं तर उरलेलं आत ढकला आणि वाइन गाळून घ्या. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर मात्र वाइन बिघडली आहे, दुकानात परत न्या.

४. जगमध्ये ओता. महागडं भांडं लागत नाही, काचेचा साधा जग चालतो. तरुण वाइन अर्धा-पाऊण तास हवेवर राहिली की तिचा तुरटपणा मऊ होतो. जुनी असेल तर हळू ओता, मानेपाशी गाळ दिसताच थांबा आणि लगेच प्या.

५. ग्लास एक तृतीयांशच भरा, वास घ्यायला जागा हवी.

६. जेवण. तिकडे ही वाइन भाजलेल्या बोकडाबरोबर पितात. आपल्याकडे कमी तिखट सुकं मटण छान जातं. तांबडा रस्सा नको. तिखट आणि तुरट एकत्र आले की जिभेची आग होते.

उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. त्यानंतर ती लसणाबरोबर मांसाला चोळा. पोर्तुगीजांची मूळ ‘व्हिन्या द आल्युश’ हीच. गोव्यात वाइनच्या जागी व्हिनेगर आलं आणि तिचं विंदालू झालं.