बऱ्हाणपूर पाहताना सुरुवात तापीच्या घाटापासून करावी

भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले, तरी फारुकी सुलतानांच्या काळात ती खानदेशाची राजधानी होती. म्हणून आपल्या जळगाव-धुळेकरांनी हे शहर एकदा तरी निवांतपणे पाहावे, असे मला मनापासून वाटते. बहुतेक जण स्थानकावरून थेट शाही किल्ल्यात जातात. त्याऐवजी सकाळी लवकर राजघाटावर उतरावे, कारण तापीच्या पाण्यालगत सरळ उभ्या राहिलेल्या किल्ल्याच्या भिंतीची उंची आणि शहर नदीच्या आधाराने कसे वसले, हे तिथूनच नीट उमगते.

मग किल्ल्यातील हमामखान्यात, म्हणजे जुन्या स्नानगृहात, थोडा वेळ थांबावे. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावू द्यावेत; छतावरील फुलापानांची फिकट रंगीत नक्षी त्यानंतरच उलगडू लागते. मुमताज महलचे निधन 1631 मध्ये याच शहरात झाले.

पुढे जुन्या वस्तीतून जामा मशिदीपर्यंत पायीच जावे, म्हणजे वाटेतील जुनी लाकडी घरे नजरेतून सुटत नाहीत. नमाजाची वेळ टाळावी आणि अरबी लेखासोबत कोरलेला संस्कृत शिलालेख आवर्जून शोधावा. सापडला नाही, तर तिथल्या माणसांना आदराने विचारावे. सातपुड्याकडून झिरपणारे पाणी भूमिगत मार्गाने शहराला पुरवणारा मोगलकालीन कुंडी भंडारा शहराबाहेर आहे, म्हणून त्यासाठी रिक्षा करावी आणि आत उतरण्याची सोय त्या दिवशी सुरू आहे का, याची आधीच चौकशी करावी.