खालच्या जागेचा लायकेन स्क्लेरोसस: लेझर करायचं की मलमच लावायचं, कसं ठरवाल

निदान झाल्यावर नाव नीट उच्चारता यायच्या आधीच कुणीतरी लेझर सुचवतं, तीन सिटिंग घ्या आणि विषय संपला म्हणे. विषय संपत नाही हो. योनीमुखाच्या बाहेरची कातडी पांढरी आणि पातळ होते, रात्री खाज झोपू देत नाही, बारीक चिरा पडतात, आणि हा आजार वर्षानुवर्षं सोबत राहतो, दोन्ही उपाय त्याला ताब्यात ठेवण्यापुरतेच. नवऱ्याला याची लागण होत नाही, आणि हे कोडही नाही, कोडात कातडी पातळ होत नाही.

माझं मत सरळ आहे, आधी मलम, तेही नीट तीन महिने. क्लोबेटासोल ०.०५ टक्के (हे जोरदार स्टेरॉइड आहे), मिळालं तर क्रीमपेक्षा ऑइंटमेंट म्हणजे तेलकट मलम घ्या कारण क्रीम चिरांवर जास्त झोंबतं. नेहमीची पद्धत म्हणजे पहिला महिना रोज रात्री एकदा, दुसरा महिना एक दिवसाआड, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा, आणि नंतर डॉक्टर सांगतील तसं आठवड्यातून एकदोनदा चालूच. एका वेळी वाटाण्याएवढं पुरतं, ३० ग्रॅमची ट्यूब तीन महिने जायला हवी, महिन्यात संपली तर जास्त लावताय. पहिल्या वेळी हातात आरसा धरून बसा आणि पांढरं नेमकं कुठे आहे ते बघा, आतले ओठ, क्लिटोरिसवरची कातडी, गुदद्वाराभोवती, तिथेच लावायचं, योनीच्या आत नाही. साबण आणि इंटिमेट वॉश बंद, साधं पाणी बास.

खरी अडचण भीतीची आहे. ट्यूबमधल्या कागदावरच लिहिलेलं असतं की जांघेत, गुप्तांगावर लावू नका, ते वाचून बायका चार दिवसांत सोडून देतात. भीती उगाच नाही, आपल्याकडे गजकर्णावर स्टेरॉइडच्या मिक्स ट्यूबा लावून लोकांनी कातडीची वाट लावलीय, म्हणून तर २०१८ मध्ये सरकारने ही मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली (मिळतात तरी, ते सोडा). पण या आजारात गणित उलटं आहे, इथे मलम न लावल्यानेच कातडी चिकटते, योनीचं तोंड अरुंद होतं. ऑस्ट्रेलियात ५०७ बायकांवर काही वर्षं लक्ष ठेवलं, २०१५ मध्ये ते छापून आलं, नियमित लावणाऱ्यांत कॅन्सर किंवा त्याची आधीची अवस्था एकीलाही नाही, अधूनमधून लावणाऱ्यांत ४.७ टक्क्यांना.

आता लेझर. फ्रॅक्शनल सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझर कातडीत बारीक बारीक भाजलेले ठिपके पाडतं, तिथे नवीन कोलॅजन (कातडीला बळकटी देणारं प्रथिन) तयार होईल या आशेवर. २०२१ मध्ये दोन अभ्यास आले. एकात सहा महिन्यांनी लेझरवाल्या बायकांना मलमवाल्यांपेक्षा जास्त आराम वाटला, पण त्यातल्या बऱ्याच जणींनी मलम आधीच वापरलेलं होतं आणि संख्याही पन्नासेकच. दुसऱ्यात काहींना खरं लेझर आणि काहींना नुसतं केल्यासारखं खोटं लेझर करून बायोप्सी, म्हणजे कातडीचा बारीक तुकडा काढून, तपासल्या, फरक निघाला नाही. म्हणजे मलमाच्या जागी लेझर असं म्हणायला अजून आधार नाही. नीट लावूनही फरक नाही किंवा मलम सोसतच नाही, तर मात्र लेझरबद्दल विचारायला हरकत नाही.

क्लिनिकमध्ये पैसे भरण्याआधी एवढं विचारा: बायोप्सी झालीय का, किंवा नको असेल तर का नको? लेझर बाहेरच्या कातडीवर करणार की योनीच्या आत प्रोब (नळीसारखं उपकरण) घालून? (हा आजार योनीच्या आत सहसा होत नाही, त्यामुळे आतलं पॅकेज कशासाठी ते कळू दे.) नंतर मलम चालू राहणार ना? "मलम बंद" असं उत्तर आलं तर उठा आणि दुसऱ्या स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. पूर्वी नागीण किंवा हर्पिस झालं असेल तर आधीच सांगा, लेझरनंतर हर्पिस उफाळू शकतं.

आणि काहीही निवडा, वर्षातून एकदा तपासणी आहेच. मध्येच न भरणारी जखम, कडक गाठ किंवा जाड खरखरीत चट्टा दिसला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, तशा जागेवर लेझर तर अजिबात मारून घेऊ नका, आधी तुकडा तपासायला पाठवा.