लुई जॉर्डनची तबकडी पुसायची कशी, ऐकायची कशी

पहिली सूचना माझ्याच मूर्खपणातून आलेली आहे: ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, जुनी तबकडी स्पिरिटनं पुसू नका. ती लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. (त्या काळी अमेरिकेतल्या तबकड्यांची लाख बरीचशी आपल्याकडूनच जायची. निदान मला तरी हे ठाऊक असायला हवं होतं.) मेम्फिसला आलो त्या वर्षी कुणाच्या तरी अंगणात मांडलेल्या जुन्या सामानात मला लुई जॉर्डन, म्हणजे या अमेरिकी गायक-सॅक्सोफोनवाल्याची तबकडी, सापडला. घरी येऊन कापसानं, इंजेक्शनआधी दंड पुसतात तसा पुसला. नंतर ऐकू आली ती फक्त कढईतली मोहरी.

तेव्हा डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, आणि खाचांच्या दिशेनं गोल हात. लेबल कोरडं ठेवा. सुईही बदला. एलपीची बारीक सुई ७८च्या रुंद खाचेत तळाला घासत बसते. दुकानात तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मागा.

आता ऐकणं. सुरुवात १९४६च्या ‘चू चू च'बूगी’नं करा. हे गाणं कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत १८ आठवडे पहिलं होतं. चिक वेबच्या मोठ्या वाद्यवृंदातून बाहेर पडलेल्या या सॅक्सोफोनवाल्यानं मोजकी माणसं घेऊन सगळा हॉल नाचवला. गुपित ठेक्यात आहे. तबला शिकला असाल तर सोपं आहे: प्रत्येक मात्रेचे तीन भाग करा आणि मधला गाळा. धा ऽ गे, धा ऽ गे. यालाच शफल म्हणतात. टाळी मात्र दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आपला हात हटकून समेवर पडतो. मी पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या तेव्हा बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, “अहो, आरती चाललीय का?” उपाय एकच: पहिली-तिसरी पायाला द्या, हात त्यांच्या मध्ये आपोआप येतो. मला जमायला वर्ष लागलं.

मग ‘एंट दॅट जस्ट लाइक अ वुमन’ लावा, हेही १९४६चंच. सुरुवातीची कार्ल होगनची गिटार ऐकून लगेच चक बेरीचं १९५८चं ‘जॉनी बी. गुड’ लावा. मी बोलत नाही, तुम्हीच ऐका.

‘सॅटरडे नाइट फिश फ्राय’ (१९४९) शेवटी ठेवा, आणि शक्यतो तबकडीवरच. न्यू ऑर्लिन्सच्या रॅम्पार्ट स्ट्रीटवरची तळलेल्या माशांची पार्टी, पोलिसांची धाड, कोठडी. एवढं सगळं एका बाजूत मावेना, म्हणून गाणं दोन बाजूंना चिरलंय. ऐन रंगात आवाज थांबतो. उठा, तबकडी कडेनं धरा, बोटं खाचांना लावू नका, उलटा. मला आता नऊ सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ पाय थांबत नाही.