आधी ढब, मग नाव: पक्षिनिरीक्षण शिकतानाचा एक हिवाळा

पक्षिनिरीक्षणाच्या संध्याकाळच्या वर्गाच्या पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या मॅडमनी आम्हाला तासभर आधी, उजेड असतानाच बोलावलं होतं. वर्गात न नेता थेट गच्चीवर नेलं. समोरच्या वायरीवर एक काळा पक्षी बसला होता. तो दाखवून त्या म्हणाल्या, "पाच मिनिटं ह्याच्याकडे बघा आणि वहीत लिहा. नाव माहीत असलं तरी लिहायचं नाही."

मी लिहिलं: काळा, लांब शेपटी, कावळ्यापेक्षा लहान. मग पेन बंद करून बाकीच्यांकडे बघत बसले. माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षक होते. त्यांच्या वहीत अर्धं पान भरलं होतं. पक्षी वायरीवरून खाली झेपावतो, हवेतच काहीतरी पकडतो आणि परत त्याच जागी येऊन बसतो, असं चार वेळा झालं. शेपटी टोकाला दुभंगलेली आहे. एक कावळा जवळून गेला तेव्हा हा त्याच्या मागे लागला. मॅडमनी ते वाचून दाखवलं आणि विचारलं, "काका, नाव माहीत आहे?" काका नाही म्हणाले. "पण ओळखलात तुम्ही त्याला," मॅडम म्हणाल्या. तो कोतवाल होता. आपल्याहून मोठ्या पक्ष्यालाही हद्दीतून पिटाळून लावतो म्हणून कोतवाल, हे कळल्यावर ते नाव मला पुन्हा पाठ करावं लागलं नाही.

मी पुण्यात राहते, हिशेबाची नोकरी करते आणि वयाच्या 46व्या वर्षी हा तीन महिन्यांचा वर्ग लावला. आठवड्यातून दोन संध्याकाळी दीड तास वर्ग आणि एक रविवार सोडून एक रविवार सहल. विज्ञानाशी दहावीनंतर संबंध नव्हता. हा वर्ग लावावा का, असं गेल्या वर्षभरात ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

संध्याकाळी वर्गात पक्षी नसतात, मग तिथे शिकायचं काय, हा पहिला प्रश्न असतो. बघायचं कसं हे शिकायचं. पक्षी दिसला की आकार आधी ठरवायचा आणि तो सेंटिमीटरमध्ये नाही. चिमणी, साळुंकी, कावळा आणि घार ही आमची मोजपट्टी. साळुंकीपेक्षा लहान पण चिमणीपेक्षा मोठा, एवढं म्हटलं की निम्मे पक्षी बाद होतात. मग चोच. मग बसण्याची, चालण्याची, उडण्याची पद्धत, ज्याला मॅडम 'ढब' म्हणायच्या. धोबी चालताना शेपटी वरखाली आपटत असतो. खंड्या सरळ रेषेत उडतो, सुतार हेलकावे घेत जातो. टिटवी दोन-चार पावलं पळते, थबकते, वाकते. रंग सगळ्यात शेवटी, कारण सकाळच्या कोवळ्या उन्हात, ढगाळ हवेत आणि डोक्यावर सूर्य असताना एकच पक्षी तीन रंगांचा दिसतो.

रंग बघायचा तोही भाग पाडून. भुवई आहे का? गालावर पट्टी आहे का? शेपटीखाली काय रंग आहे? मी आयुष्यभर ज्याला नुसतं 'बुलबुल' म्हणत आले होते ते आमच्याच आवारात दोन निघाले. लालबुड्या बुलबुलाचं डोकं काळं आणि शेपटीखाली लाल. शिपाई बुलबुलाच्या डोक्यावर ताठ तुरा, गालावर लाल ठिपका. लाल रंग बुडाशी दोघांच्याही असतो, त्यामुळे तेवढंच बघणारा फसतो. हे कळल्यावर मी आठवडाभर ऑफिसला निघताना दहा मिनिटं खाली थांबत होते.

वर्गाचा दुसरा मोठा उपयोग आवाजांसाठी. दिवे मालवून मॅडम एक-एक आवाज ऐकवायच्या आणि त्याला शब्द लावायला सांगायच्या. आपल्याकडे हे काम आधीच झालेलं आहे. पावशा पावसाच्या तोंडाशी 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणतो, हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. तांबटाचा 'टुक् टुक् टुक्' म्हणजे तांब्याचं भांडं ठोकल्याचा आवाज. टेकडीवर पानांच्या गर्दीत दिसणाऱ्यांपेक्षा ऐकू येणारे पक्षीच जास्त असतात, त्यामुळे हा अभ्यास टाळू नका. आवाज ओळखून देणारी अॅपं आता फोनवर आहेत. माझं मत असं, की पहिले तीन महिने ती उघडू नयेत. आधी आपण अंदाज बांधावा, मग हवं तर ताडून बघावं.

दुर्बिणीबद्दल थोडं लांबण लावून लिहिते, कारण तिथे माझे पैसे गेले. वर्ग सुरू होण्याआधीच मी दुकानातून 20×50 ची दुर्बीण आणली. 20 पट मोठं दिसणार म्हणजे उत्तम, असं दुकानदाराने सांगितलं आणि मला पटलं. पहिल्याच सहलीत कळलं, की पक्ष्याबरोबर हाताची थरथरसुद्धा 20 पट मोठी होते. दिसणारं क्षेत्र इतकं अरुंद, की फांदी सापडेपर्यंत पक्षी गेलेला असायचा. शिवाय 50 म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास, त्याला 20 ने भागलं की अडीच येतात, म्हणजे डोळ्याशी येणारा प्रकाशाचा झोत जेमतेम अडीच मिलिमीटरचा. पहाटे त्यातून सगळं काळपट दिसतं. 8×42 मध्ये तोच झोत सव्वापाच मिलिमीटरचा असतो. तेव्हा 8×42 घ्या. साधारण 10 हजारांच्या आसपास सुरुवातीला पुरेल अशी मिळते, पण तीही वर्गातल्या चार जणांच्या दुर्बिणींतून बघून झाल्यावरच घ्या. आणि एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांकडे आणायची. आधी दुर्बीण लावून मग पक्षी शोधायला गेलं की तो सापडत नाही.

सहलींमधली मला सगळ्यात जवळची वाटते ती कवडी पाटाची. सोलापूर रस्त्याला, लोणी काळभोरच्या अलीकडे मुळा-मुठेवर ही जागा आहे. पुण्याचं सगळं सांडपाणी पोटात घेऊन आलेली नदी तिथे काळी आणि फेसाळ वाहते. नाकाला रुमाल लावूनच खाली उतरावं लागतं. आणि त्या फेसाच्या कडेला, डिसेंबरच्या उन्हात, चक्रवाकांची जोडी उभी होती. गंजलेल्या तांब्यासारखं अंग, फिकट डोकं. कवितेत रात्रीच्या विरहाने व्याकूळ होणारे ते हेच चक्रवाक. लडाख-तिबेटातल्या तलावांवरून हिवाळ्यासाठी इकडे उतरतात आणि आपण त्यांच्यापुढे हे पाणी ठेवतो. त्या दिवशी आमच्यापैकी बराच वेळ कुणी बोललं नाही. शेकाटे मात्र चिखलात लांब गुलाबी पाय टाकत मजेत फिरत होते. घाण पाण्याला सरावलेला पक्षी आहे हा. एखाद्या तळ्यावर तेच वाढायला लागले की पाण्याकडे बघा, असं मॅडम म्हणाल्या.

तिथेच माझी एक चूक झाली, जिच्यातून मी सगळ्यात जास्त शिकले. काठावर चिखलाच्या रंगाचा, पोक काढून बसलेला एक बगळा होता. मी वहीत तो लिहिला. थोड्या वेळाने तिथूनच एक पांढरा बगळा उडाला, तो वेगळा लिहिला. मॅडमनी वही बघितली आणि चूक म्हटलं नाही. म्हणाल्या, "परत बसेल, थांबा." तो दहा-बारा पावलांवर उतरला, पांढरे पंख मिटले आणि माझ्या डोळ्यांदेखत चिखल झाला. एकच पक्षी होता. वंचक हे नाव त्याला का दिलं असेल, ते त्या क्षणी कळलं. पुस्तकातल्या चित्रात तो बसलेला असतो, म्हणून चित्र पाठ करून हे येत नाही.

सासवडकडच्या माळांवर जानेवारीच्या अखेरीस गेलो. गाडीतून उतरल्यावर पहिली पंधरा मिनिटं मला तिथे काहीही दिसलं नाही. वाळकं गवत, मुरूम, दगड. मग एक दगड पळाला. तो धाविक होता, मातीच्याच रंगाचा, डोळ्यावरून मागे गेलेली पांढरी आणि काळी रेघ. तो थांबला की पुन्हा नाहीसा व्हायचा. डोंबारी नावाचा चिमणीएवढा पक्षी सरळ वर चढत होता आणि पंख मिटून दगडासारखा खाली येत होता, जमिनीच्या अगदी जवळ येऊन पुन्हा वर. गवतावरून हेलकावत भोवत्या गेला. हा शिकारी पक्षी रात्री झाडावर नाही, गवतातच जमिनीवर झोपतो. सरकारी कागदावर अशा माळांची नोंद बहुतेक ठिकाणी 'पडीक' अशी असते आणि चांगल्या मनाची माणसं पावसाळ्यात तिथे झाडं लावायला जातात. मीही एके वर्षी ऑफिसच्या लोकांबरोबर अशाच एका माळावर खड्डे खणले होते. धाविकाला झाड नको असतं, उघडा माळ हवा असतो. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला सांगते.

भिगवणबद्दल सगळेच लिहितात, त्यामुळे थोडक्यात. पुण्यापासून साधारण 100 किलोमीटर, उजनी धरणाच्या पाण्याचा फुगवटा. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) हवे असतील तर पाणी उतरू द्या. धरण काठोकाठ असताना त्यांना उभं राहायला उथळ पाणी मिळत नाही, म्हणून फेब्रुवारी-मार्च बरा. आमचा नावाडी मूळचा मासेमार. कुठल्या खाचेत किती पाणी उरलंय हे त्याला तोंडपाठ होतं आणि थव्यापासून बऱ्याच अंतरावर त्याने आपणहून इंजिन बंद केलं. असा नावाडी मिळाला तर त्याला ठरल्यापेक्षा जास्त पैसे द्या. काही नावांमधून कुरव (सीगल) पक्ष्यांना फरसाण टाकतात, फोटो चांगला येतो म्हणून. तसलं करायला सांगू नका आणि कुणी करत असेल तर नको म्हणा. घरट्यांचे फोटो आणि फोनवर आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढणं, याबाबतही आमच्या वर्गाचा नियम पक्का होता. विणीच्या दिवसांत नराला वाटतं दुसरा नर हद्दीत आला, आणि तो खाणंपिणं, पिल्लं सोडून त्या न दिसणाऱ्या पक्ष्याशी भांडत बसतो.

वर्ग निवडताना फीपेक्षा एक प्रश्न आधी विचारा: शिकवणारी व्यक्ती सहलीला स्वतः येते का, आणि एका वेळी किती जण असतात? 15-20 च्या वर माणसं असली तर मागच्यांना पक्षी दिसत नाही, फक्त नाव ऐकू येतं. मुंबईकरांना 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक्रम आहेत. लहान गावात वर्ग नसेल तर नोव्हेंबरकडे लक्ष ठेवा. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर सलीम अलींचा, त्या दरम्यान महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो आणि ठिकठिकाणी फुकट सहली निघतात. स्थानिक जाणकार तिथेच भेटतात. दरवर्षी वेगळ्या गावी भरणारं पक्षिमित्र संमेलनही आहे. सुरुवात ऑक्टोबरमध्येच करा, म्हणजे स्थलांतरित पक्षी येताना दिसतात. मार्चमध्ये वर्ग लावला तर ते निघालेले असतात.

वही सोडू नका, आणि तिच्यातली यादी ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर चढवा. तारीख, वेळ, किती चाललो आणि प्रत्येक पक्षी किती. कावळे आणि कबुतरंही मोजायची. कावळ्यांची काय नोंद करायची, असं मला वाटायचं. पण 2023 साली देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल आला, त्यात 942 जातींचा आढावा घेता आला तो साधारण 30 हजार निरीक्षकांनी अशाच नोंदी केल्या म्हणून. फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या जागतिक पक्षिगणनेत मी पहिल्यांदा भाग घेतला तेव्हा गॅलरीतून पंधरा मिनिटांत 11 जाती झाल्या. एकही दुर्मीळ नव्हती.

त्या अकरात तांबट होता. आमच्या आवारातल्या शेवग्याच्या एका वाळक्या फांदीवर तो बसायचा. दुर्बिणीतून पहिल्यांदाच त्याला ओरडताना बघितलं. चोच मिटलेली असते. प्रत्येक 'टुक्'ला गळ्याची कातडी फुगते, डोकं एकदा इकडे वळतं, एकदा तिकडे. मार्चमध्ये फांदीच्या खालच्या अंगाला रुपयाहून थोडं मोठं भोक दिसायला लागलं आणि खाली उभ्या गाड्यांवर भुसा पडायला लागला. सोसायटीच्या बैठकीत ती फांदी तोडायचं ठरत होतं. वाळलेली आहे, कधीही पडेल, हे खरंच होतं. मी वही घेऊन गेले आणि तीन आठवड्यांच्या नोंदी वाचून दाखवल्या: कधी खोदायला लागले, दोघंही आळीपाळीने आत कधी जायला लागले. दोन महिने थांबा, तोवर खाली गाड्या लावू नका, एवढंच मागितलं. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, आमच्या गाड्या नाहीतच, आम्हाला चालेल. सेक्रेटरींनी दोरी बांधून जागा अडवली.

मे लागण्याआधी एका सकाळी त्या भोकातून एक डोकं बाहेर आलं. कपाळावर लाल ठिपका अजून नव्हता. आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या, मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली.